‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे नेमकं काय करायचं? हॉस्पिसच्या टीमविषयी

रिपोर्टची फाईल बंद करून डॉक्टर म्हणतात, “आता करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. घरी न्या, सेवा करा.” हे ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. घरी येताना गाडीत कुणी बोलत नाही. घरी पोचल्यावर मात्र प्रश्न सुरू होतात. सेवा करायची म्हणजे नेमकं काय? रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर कुणाला फोन करायचा? चार दिवस पोट साफ झालेलं नाही, ते चालण्यासारखं आहे का? घास गिळता येत नाही, तर गोळी कशी द्यायची?

माझ्या आईच्या वेळी हे सगळे प्रश्न पहिल्याच रात्री आमच्यासमोर आले. दहा-बारा दिवस आम्ही भावंडांनी आपल्या परीने रेटलं. त्या दिवसांत आईला जे सोसावं लागलं त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं, आणि हे मला अजून टोचतं. नंतर हॉस्पिसची टीम घरी येऊ लागली. तेव्हा लक्षात आलं की ‘करण्यासारखं काही नाही’ हे वाक्यच चुकीचं होतं. आजार बरा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण माणसासाठी करण्यासारखं इतकं होतं की त्याला सात-आठ जणांचे हात लागले.

आधी एक गैरसमज दूर करू. हॉस्पिस म्हटलं की मरणासन्न माणसांना ठेवायची इमारत डोळ्यांसमोर येते. अशा इमारती असतात, पण हॉस्पिस ही मुळात काळजी घेण्याची पद्धत आहे आणि तिचा मोठा भाग रुग्णाच्या घरीच चालतो. बरं होण्यासाठीचे उपचार थांबलेले असतात किंवा त्यांचा त्रास फायद्यापेक्षा जास्त झालेला असतो. तिथून पुढे दुखणं, धाप, मळमळ, भीती, घरच्यांची दमछाक या सगळ्याकडे नीट लक्ष द्यायचं, हे तिचं काम. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक उपचार, ही तिची मोठी बहीण. ते आजाराच्या अगदी सुरुवातीपासून, केमोथेरपी चालू असतानाही घेता येतात. हॉस्पिस हा त्यातला शेवटच्या काही महिन्यांचा भाग.

या कामाला टीम का लागते, याचं उत्तर सिसिली सॉन्डर्स यांच्या आयुष्यातच सापडतं. इंग्लंडमध्ये १९१८ साली जन्मलेल्या या बाई आधी नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक कॅन्सरचा रुग्ण भेटला. परक्या देशात, एकटाच मरणाच्या वाटेवर असलेला. अशा माणसांसाठी कशी जागा हवी, याविषयी दोघं तासन् तास बोलत. १९४८ साली तो गेला तेव्हा त्याने त्या जागेच्या एका खिडकीसाठी म्हणून त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले होते. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेकडे डॉक्टरच दुर्लक्ष करतात, असं दिसल्यावर सॉन्डर्स स्वतः वैद्यकीय शिक्षणाला बसल्या आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं आणि दोनच वर्षांनी तिथली माणसं रुग्णांच्या घरी जाऊ लागली. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात इथून मानतात. नर्स, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही नजरा एकाच बाईकडे होत्या, म्हणूनच ‘समग्र वेदना’ ही कल्पना त्यांना सुचली. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, नात्यांचं आणि पैशाचं असतं, आणि ‘हे माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचंही असतं. चारही एकमेकांत गुंतलेली असतात. एकट्या गोळीने ती सुटत नाहीत, आणि गोळी नसेल तर बाकीच्या तिघांपर्यंत पोचताच येत नाही.

टीममध्ये रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती नर्स. आमच्याकडे येणाऱ्या सिस्टरनी पहिल्या दिवशी रक्तदाब मोजायच्या आधी आईची टाच हातात घेतली. दोन्ही टाचा पाहिल्या, मग माकडहाड, मग कोपर. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लालसर डाग होता, तो बोटाने दाबला. लाली जात नव्हती. “ही जखमेची सुरुवात आहे,” त्या म्हणाल्या. मग दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीमागे उशी कुठे लावायची, चादर ओढून न सरकवता दोघांनी मिळून कसं उचलायचं, हे त्यांनी आमच्याकडूनच करवून घेतलं. बेडसोअर व्हायचं टळलं. औषधाच्या वेळांचा तक्ता त्यांनी हाताने लिहून स्वयंपाकघरात डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला आणि खाली मोठ्या अक्षरात फोन नंबर लिहिला. त्या म्हणाल्या, “रात्रीही करा. उगाच केला असं कुणी म्हणणार नाही.” त्या नंबरामुळे आम्ही सगळे किती शांत झोपलो! चांगल्या हॉस्पिसची हीच पहिली खूण आहे, असं मी म्हणेन. तिथे दिवसरात्र फोन उचलणारं कुणीतरी असतं, आणि ते कुणी म्हणजे ‘उद्या बघू’ म्हणणारा माणूस नसतो.

नर्स येते, पाहते, तपासते, औषधं कमी-जास्त करण्याविषयी डॉक्टरांशी बोलते. पण तिचं निम्मं काम शिकवण्याचं असतं, कारण आठवड्यातले बहुतेक सगळे तास रुग्णाजवळ घरचेच असतात. तोंड कोरडं पडलं तर ओल्या स्पंजने ओठ आणि जीभ कशी पुसायची. धाप लागली तर खिडकी उघडायची, डोकं उंच करायचं आणि छोटा पंखा चेहऱ्यावर वारा लागेल असा धरायचा. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर सिलिंडरपेक्षा या वाऱ्यानेच पुष्कळदा जास्त बरं वाटतं.

डॉक्टरांकडे येऊ. हॉस्पिसचे डॉक्टर रोज येत नाहीत, पण औषधांची सगळी आखणी त्यांची. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला विषय म्हणजे मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या-पायऱ्यांची साधी पद्धत मांडली. आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली औषधं, मग त्याच वर्गातली मॉर्फिनसारखी जोरदार औषधं. त्यातलं एक सूत्र घरच्यांनी मनावर कोरून ठेवावं असं आहे : औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही. दुखणं चढू दिलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं. अधूनमधून कळ आलीच, तर तेवढ्यापुरता वेगळा जादा डोस ठरवून दिलेला असतो.

मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलंच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दुखण्याच्या मानाने बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. काही रुग्ण ते महिनोन् महिने घेतात, त्यावर शांत झोपतात आणि सकाळी वर्तमानपत्र वाचतात. सुरुवातीला गुंगी येते, मळमळतं, पण ते बहुधा काही दिवसांत ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच. हे ज्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल तिथे घरच्यांनी विचारायला अजिबात संकोच करू नये. गिळणं बंद झालं की त्वचेखाली बारीक सुई ठेवून सिरिंज पंपातून चोवीस तास थोडं थोडं औषध देता येतं. हा पंप उशीखाली मावतो.

डॉक्टरांचं दुसरं काम बोलण्याचं, आणि ते पहिल्याहून अवघड. “बाबांना काही सांगू नका हं,” असं मुलगा दाराबाहेर डॉक्टरांना गाठून सांगतो. आत बाबा सिस्टरला सांगत असतात, “मला सगळं कळलंय, पण मुलाला बोलू नका, तो कोसळेल.” दोघंही प्रेमापोटीच बोलत असतात आणि दोघंही एकटे पडलेले असतात. अनुभवी डॉक्टर अशा वेळी सत्य एकदम अंगावर टाकत नाहीत. ते विचारतात, “तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं? किती जाणून घ्यायला आवडेल?” रुग्ण जेवढं दार उघडेल तेवढंच आत जायचं.

ही सगळी माणसं वेगवेगळी येऊन गेली तर ती टीम होत नाही. ठरावीक दिवशी एकत्र बसून ती प्रत्येक रुग्णाबद्दल बोलतात, तेव्हा टीम होते. एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचं दुखणं डोस वाढवूनही रात्री थांबत नाही. डॉक्टर आणखी वाढवायच्या विचारात आहेत. नर्स म्हणते, “मी गोळ्या मोजल्या. तीन उरायला हव्या होत्या, अकरा उरल्यात.” अंघोळ घालायला जाणारा मदतनीस सांगतो की काकूंना कुणीतरी म्हणालंय, या औषधाचं व्यसन लागतं, म्हणून त्या रात्रीची गोळी चुकवतात. म्हणजे गरज डोस वाढवण्याची नव्हतीच. समाजसेविका दुसऱ्या दिवशी काकूंजवळ बसते, त्यांना रागावत नाही, तुम्ही त्यांच्या काळजीनेच हे केलंत, असं आधी म्हणते. मग डॉक्टर समजावतात की दुखण्यासाठी घेतलेलं औषध आणि नशेसाठी घेतलेलं औषध यांत फरक काय. त्या रात्री ते गृहस्थ झोपतात. हे एकट्या डॉक्टरांना जमलं नसतं, कारण अकरा गोळ्या नर्सने पाहिल्या होत्या आणि काकू बोलल्या होत्या मदतनिसाशी.

या मदतनिसाबद्दल फार कमी लिहिलं जातं. अंग पुसणं, दाढी करणं, नखं कापणं, डायपर बदलणं, अंथरूण घालणं ही कामं तो किंवा ती करते. आयुष्यभर कुणापुढे शर्टाचं वरचं बटण न उघडलेल्या माणसाला परक्याकडून अंग पुसून घ्यावं लागतं तेव्हा त्याला काय वाटत असेल! चांगला मदतनीस आधी विचारतो, “आता सुरू करू का?” जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवतो, बाकी अंगावर पांघरूण राहू देतो. पाणी आधी आपल्या मनगटावर टेकवून बघतो. माणसाची लाज सांभाळणं हेही उपचारच आहेत, आणि कोमट पाण्यात हात बुडालेले असताना रुग्ण जे बोलतो ते तो डॉक्टरांशी बोलत नाही.

समाजसेवकाचं काम बाहेरून फारसं दिसत नाही, पण घर सावरतं ते त्यामुळे. नोकरीतून रजा कशी मिळवायची, बँक खात्यावर वारसाची नोंद आहे का, इच्छापत्र करायचंय का, पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने मिळेल का, मिळू शकणारी मदत कोणती, असे व्यवहार त्यात येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात नेमकं कोण किती थकलंय, हे तो ओळखतो. बहुतेक घरांत एकच बाई सगळं ओढत असते आणि तिला कुणी विचारत नाही. समाजसेवक तिला बाजूला घेऊन विचारतो, “तुम्ही सलग चार तास शेवटचं कधी झोपलात?” मग सगळ्यांना एकत्र बसवून रात्रीच्या पाळ्या लावून देतो. पुढे आणखी कोणते उपचार नकोत, श्वास थांबत आला तर रुग्णालयात धावायचं की नाही, ही बोलणी रुग्ण शुद्धीत असतानाच व्हायला हवीत. नंतर ती भावंडांच्या भांडणात होतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

घरात लहान मुलं असतील तर समुपदेशकाला जरूर विचारावं. आपण त्यांना ‘आजोबा झोपलेत’ म्हणून वेळ मारून नेतो आणि पोरगं पुढे झोपायलाच घाबरतं. मुलांना साध्या शब्दांत खरं सांगावं : आजोबांचं शरीर फार थकलंय, ते आता बरं होणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं वाक्य सोडू नये. मुलं न बोलता स्वतःला दोष देत बसतात.

बऱ्याच टीममध्ये आध्यात्मिक आधार देणारी व्यक्तीही असते. त्यासाठी देवाधर्माचं असायलाच हवं असं नाही. ‘माझं आयुष्य काही कामाचं होतं का?’, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय का?’, ‘भावाशी वीस वर्षं बोललो नाही, आता काय करू?’ हे प्रश्न श्रद्धाळूलाही पडतात आणि नास्तिकालाही. त्या व्यक्तीकडे उत्तरांची पोथी नसते. ती घाई न करता बसते, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्या भावाला फोन लावून देते.

फिजिओथेरपिस्ट चालवण्यापेक्षा सुखाने बसवण्याकडे लक्ष देतात. औषधं एकमेकांना बाधत नाहीत ना, हे फार्मासिस्ट पाहतात. आहारतज्ज्ञांचा सल्ला इथे उलटा असतो : पथ्यं सोडा, जे आवडेल ते, जेवढं जाईल तेवढं द्या.

जेवणाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण घराघरांत सर्वांत जास्त जीव इथेच तुटतो. शेवटच्या आठवड्यांत माणूस खायचं कमी करतो, मग सोडतो. आपल्याला वाटतं, तो खात नाही म्हणून खंगतोय. खरं तर आजाराने शरीर मिटत आलेलं असतं म्हणून भूक जाते. बळेच घास भरवला तर तो श्वासनलिकेत जाऊन ठसका, संसर्ग आणि आणखी हाल होतात. आईने तोंड फिरवलं तेव्हा माझ्या बहिणीच्या हातातला चमचा तसाच राहिला आणि ती रडायला लागली. सिस्टरनी तिच्या हातातून चमचा घेतला, ओला स्पंज दिला आणि म्हणाल्या, “आता हे भरवायचं.” बहिणीला करायला काहीतरी मिळालं.

स्वयंसेवकांविषयी एक गोष्ट मला फार भावली. अमेरिकेत सरकारी आरोग्य विम्यातून चालणाऱ्या हॉस्पिसना नियमच आहे की पगारी माणसांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्क्यांएवढे तास स्वयंसेवकांनी द्यायला हवेत. म्हणजे शेजाऱ्यासारखं येऊन बसणारं माणूस हा तिथे उपचारांचा अधिकृत भाग आहे. तो वाचून दाखवतो, पत्ते खेळतो, जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं मागे लिहून घेतो, किंवा नुसता बसतो, तेवढ्यात घरची बाई दार लावून दोन तास झोपते.

मग शेवटचे दिवस येतात. आता शरीर कसं वागेल ते नर्स आधीच सांगून ठेवते, आणि ते आधी कळण्याला फार मोल आहे. झोप वाढते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर-जांभळे डाग उमटतात. श्वास मध्येच थांबतो, इतका की आपण उठून उभे राहतो, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती सहन होत नाही, पण रुग्ण बहुधा शुद्धीपलीकडे असतो, त्याला ती जाणवत नसते. कुशीवर वळवलं की कमी होते, नाहीतर औषधही आहे. ऐकू येत असण्याची शक्यता शेवटपर्यंत धरायची, म्हणून उशाशी बसून बोलत राहायचं. हे माहीत नसलेलं घर घाबरून रुग्णवाहिका बोलावतं आणि जे घरच्या अंथरुणावर व्हायला हवं होतं ते नळ्यांच्या जंजाळात होतं.

पुष्कळ कुटुंबं ही टीम शेवटच्या दोन-चार दिवसांत बोलावतात, कारण बोलावणं म्हणजे हरणं असं वाटतं. याबाबतीत २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांची मनःस्थिती बरी राहिली, शेवटी जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते जास्त जगले. निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ धरला, तर ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. एका अभ्यासावरून सगळ्या आजारांना नियम लावता येणार नाही. पण लवकर बोलावलं तर माणूस लवकर जातो, ही भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, “पॅलिएटिव्ह टीमला आत्ताच भेटू का?”

मृत्यूनंतरही टीमचं काम संपत नाही. अमेरिकेतल्या त्याच नियमांत घरच्यांना वर्षभरापर्यंत शोकसमुपदेशन देण्याची तरतूद आहे, कारण रुग्ण आणि त्याचं घर मिळून काळजी घ्यायची, हे हॉस्पिसचं मूळ धोरण आहे. आई पहाटे गेली. सिस्टर आल्या, पंपाची सुई काढली, आम्हाला विचारून बहिणीसोबत आईचं अंग पुसलं, उरलेलं मॉर्फिन मोजून वहीत लिहिलं आणि परत नेण्यासाठी पिशवीत ठेवलं. स्वयंपाकघरातला तक्ता काढायला गेल्या तर मी म्हटलं, राहू दे. त्यांनी फक्त मान हलवली.

दीड महिन्याने दुपारी फोन आला. मला वाटलं काही कागद राहिले असतील. त्या म्हणाल्या, “काम काही नाही. झोप लागते का आता, एवढंच विचारायचं होतं.”